मोडक्या पार्टांचा डबा

गेल्या महिन्यात गराज आवरायला काढलं. आमच्या घरी हा वार्षिक विधी आहे आणि दर वर्षी तो अर्ध्यावरच सुटतो. या वेळी तो सुटायला कारण झाला श्रीखंडाचा एक किलोचा प्लास्टिकचा डबा. दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या खोक्यामागे पडला होता. झाकणावर मार्करनं, नुकतंच देवनागरी लिहायला शिकलेल्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं: "मोडके".

अक्षर माझ्या लेकाचं. डबा आम्हा दोघांचा. आणि मोडके म्हणजे त्याच्या रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचे मोडलेले पार्ट. २००८ साली त्याच्या नवव्या वाढदिवसाला तो ट्रक आणला, तेव्हापासून जे जे मोडलं ते ते या डब्यात गेलं. का, ते विचारू नका. आमच्या घरात काहीही टाकायचं नसतं, हा संस्कार मी कोल्हापुराहून बरोबर आणलाय.

डबा वर्तमानपत्रावर ओतायला गेलो आणि हात थांबला. पुरातत्त्वाचे लोक खणताना करतात तसं, वरून एकेक थर काढत गेलो. सगळ्यात वर शेवटी मोडलेलं, सगळ्यात खाली पहिल्या आठवड्यात मोडलेलं. तासाभरानं माझ्यासमोर एक ओळ मांडली गेली होती, आणि ती बघताना लक्षात आलं की हा नुसता आमच्या ट्रकचा इतिहास नाही. या सगळ्या खेळाचाच इतिहास थोड्याफार फरकानं याच क्रमानं घडलाय. आणि त्यात आमच्या घराचाही थोडासा आहे. तोच आज सांगायचाय.

थर पहिला: प्लास्टिकचा आर्म

सगळ्यात तळाशी होता पुढच्या चाकाचा खालचा आर्म. काळ्या प्लास्टिकचा, मधोमध कडकन तुटलेला. चाकाला धरून ठेवणारा आणि खड्ड्यात वरखाली होणारा हा हात. ट्रक घरी आल्याच्या चौथ्या दिवशी चिरंजीवांनी तो पूर्ण वेगात फुटपाथच्या कडेवर घातला. रडारड झाली. मी म्हटलं, "रडू नकोस, आपण याच्यापेक्षा मजबूत बसवू." सगळं या एका वाक्यापासून सुरू झालं.

हा ट्रक "रेडी टू रन" जातीचा. म्हणजे खोकं उघडा, बॅटरी चार्ज करा, चालवा. ही जात तुलनेनं नवी. रेडिओनं वस्तू चालवण्याची कल्पना तशी जुनी. १८९८ साली निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत छोटी बोट रेडिओनं चालवून दाखवली होती. पण सामान्य माणसाच्या हातात अशी गाडी यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्यात मोठा वाटा जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचा. तिथल्या शुनसाकू तामिया यांनी मॉडेल अचूक व्हावं म्हणून चक्क एक खरी पोर्शा ९११ विकत घेतली आणि ती खोलून बघितली! त्या खटाटोपातून पोर्शा ९३४ चं मॉडेल झालं आणि १९७६ साली त्याचीच रेडिओवर चालणारी आवृत्ती निघाली. ती गुळगुळीत रस्त्यावरची गाडी होती. मातीत उतरली की अडकायची.

माती आली ती आमच्या गावाकडून. म्हणजे आत्ताच्या गावाकडून. आम्ही राहतो कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत. इथून जवळच न्यूपोर्ट बीच आहे. तिथे १९६४ साली ब्रूस मायर्स नावाच्या माणसानं फोक्सवॅगन बीटलचे पार्ट घेऊन ते फायबरग्लासच्या हलक्या टपासारख्या बॉडीला बसवले आणि वाळूत पळणारी गाडी केली. मायर्स मँक्स तिचं नाव. बीटल ही मुळात जर्मन मध्यमवर्गाला परवडावी म्हणून काढलेली साधी गाडी. ती तशीच खडकाळ वाळवंटात नेली तर टिकणार कशी? पण मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ साली जी पहिली लांब पल्ल्याची शर्यत झाली, ती मँक्सनंच जिंकली. मग लोक बीटलच कापू लागले. मडगार्ड छाटायचे, सस्पेन्शन उंच आणि मजबूत करायचं, मोठे टायर घालायचे. याला नाव पडलं बाहा बग. बाजारात तयार मिळणारी गाडी घ्यायची, ती जिथे मोडेल तिथे मजबूत पार्ट घालायचा, पुन्हा मोडायला न्यायची. या छंदाचं मूळ हेच, आणि ते खेळण्यात नाही तर खऱ्या गाडीत आहे.

तामियानं १९७९ साली सँड स्कॉर्चर काढली ती या बाहा बगचीच दहापट लहान आवृत्ती. सस्पेन्शनसुद्धा हुबेहूब बीटलसारखं, धातूचं. रेडिओचं सामान पाण्यापासून वाचावं म्हणून एका पारदर्शक डबीत. सुंदर गाडी! पण ती किट होती. खोक्यात सुटे पार्ट आणि पुस्तिका. आपण बसायचं आणि जोडायचं. त्यामुळे गाडी मातीत उतरायच्या आधीच तिचा प्रत्येक स्क्रू आपल्या हाताखालून गेलेला असायचा. मोडली तर कुठे आणि का, ते कळायला डोकं खाजवावं लागायचं नाही.

थर दुसरा: वाकलेलं ॲल्युमिनियम

डब्यातला पुढचा पार्ट दिसायला देखणा आहे. निळं ॲनोडायझिंग केलेला ॲल्युमिनियमचा आर्म. दोन्हींची जोडी बत्तीस डॉलरना घेतली होती. प्लास्टिकच्या आर्मला पाच-सहा डॉलर पडले असते. पण मी मेकॅनिकल इंजिनिअर. प्लास्टिक मोडलं म्हणून प्लास्टिकच घालायचं म्हणजे चार वर्षं वालचंदला काय गवत उपटलं?

निळे आर्म बसवले, ट्रक टेबलावर ठेवला, बापलेक दहा मिनिटं नुसते बघत बसलो. दुसऱ्या रविवारी पार्कात त्याच वेगानं तो एका बाकाच्या पायावर गेला. आर्म तुटला नाही. किंचित वाकला, इतका किंचित की बघून कळू नये, पण ट्रक तेव्हापासून डावीकडेच जायला लागला. आणि आर्म ज्या चौकटीला बसतो ती प्लास्टिकची चौकट, म्हणजे बल्कहेड, उभी चिरली. तीही डब्यात आहे. आर्म बदलायला दोन स्क्रू लागतात. बल्कहेड बदलायला अर्धा ट्रक खोलावा लागतो. आणि मी काय केलं? ॲल्युमिनियमचं बल्कहेड मागवलं.

इथे मला मिसूरीच्या बॉब चँडलरची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या ट्रकचा तो खरा पूर्वज.

सेंट लुईसजवळ चँडलरचं चारचाकी ड्राइव्हच्या गाड्यांच्या पार्टांचं दुकान होतं. त्याच्याकडे १९७४ ची फोर्ड एफ-२५० पिकअप. ती तो कुठेही घालायचा आणि सारखं काही ना काही मोडून परत आणायचा. दुकानातला व्यवस्थापक वैतागून म्हणायचा की हे सगळं तुझ्या जड पायामुळे होतं, ॲक्सिलरेटरवरच्या त्या "बिग फूट"मुळे. चँडलरला नाव आवडलं आणि त्यानं ते ट्रकवरच रंगवलं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध मॉन्स्टर ट्रकचं नाव असं पार्ट मोडण्यावरून पडलंय, हे मला वाचलं तेव्हा फार आवडलं होतं.

पुढचा क्रम बघा. मोठे टायर घातले की ॲक्सल मोडायचे. मग लष्करी ट्रकचे ॲक्सल घातले. ते जड, म्हणून इंजिन वाढवलं. इंजिन वाढलं तसं गिअरबॉक्सवर आलं. हा सगळा खटाटोप दुकानाची जाहिरातही होता, कारण मोडलेल्या प्रत्येक पार्टाच्या जागी घातलेला मजबूत पार्ट दुकानात विकायला होता. १९८१ साली त्यानं एका शेतात दोन भंगार गाड्यांवरून बिगफूट नेला आणि त्याचं चित्रण केलं. त्यानंतर दोनेक वर्षांत अमेरिकेतली स्टेडियमं गाड्या चिरडणारे ट्रक बघायला भरू लागली.

याचं टोक म्हणजे १९८६ चा बिगफूट ५. अमेरिकन लष्करानं अलास्काच्या बर्फासाठी बनवून घेतलेल्या अजस्र गाडीचे, सुमारे दहा फूट उंचीचे टायर त्याला लावले. वजन तेरा टनांच्या आसपास. सगळंच मजबूत. पण एवढं सगळं करून तो ट्रक शर्यतीच्या कामाचा राहिला नाही. तो जायचा आणि उभा राहायचा. लोक त्याच्याशेजारी फोटो काढायचे.

खेळण्यांच्या जगानं हे लगेच उचललं. तामियानं १९८६ ला ब्लॅकफूट काढला आणि १९८७ ला क्लॉड बस्टर. क्लॉड बस्टरला पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी आणि चारही चाकं वळणारी. पण चाकं एवढी मोठी आणि त्यांना वळवणारी यंत्रणा लांब दांड्यांची, ढिली. मग लोकांनी वळवणारा सर्वो थेट ॲक्सलवर नेऊन बसवला, प्लास्टिकची चॅसी काढून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची केली. काही क्लॉड बस्टरमध्ये मूळ ट्रकचं इतकं थोडं उरायचं की त्याला क्लॉड बस्टर का म्हणायचं, हा प्रश्न पडावा.

थर तिसरा: जिलबी झालेला शाफ्ट

या थरातल्या पार्टांना मी मनातल्या मनात "माझं पाप" म्हणतो.

तयार ट्रकाबद्दल एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. १९८६ साली टेक्सासमध्ये ट्रॅक्सस कंपनी निघाली, आणि किट जोडायची ज्यांना हौस नाही, वेळ नाही, त्यांच्यासाठी तयार जोडलेल्या गाड्या विकणं हा त्यांनी आपला धंदा केला. १९९९ साली त्यांचा टी-मॅक्स आला. इंधनावर चालणारा, चारही चाकांना ताकद, दोन गिअर, शिवाय रिव्हर्स. तो इतका खपला की त्याच्या पार्टांवर दुसऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या जगू लागल्या. आर्म, बल्कहेड, शाफ्ट, चाकांचे हब, सगळं ॲल्युमिनियममध्ये, निळं, जांभळं, सोनेरी. दुकानात भिंतभर लटकलेलं असायचं. सोनाराच्या दुकानात गेल्यासारखं वाटायचं.

तयार ट्रक हा किमतीला बांधलेला असतो. बेअरिंगच्या जागी साधी बुशिंग, ब्रशची साधी मोटर, घरगुती वेगाला पुरेल असे प्लास्टिकचे शाफ्ट. यात फसवणूक नाही. त्या पैशात तेवढंच येतं, आणि मुळात तेवढ्या ताकदीला ते पुरतंही. पण किट जोडणारा आधी शिकतो आणि मग मोडतो. तयार ट्रकवाला आधी मोडतो आणि मग शिकतो. अपग्रेड म्हणजे आम्ही हप्त्याहप्त्यानं विकत घेतलेलं किटच की. फरक इतकाच, की किटबरोबर पुस्तिका येते. अपग्रेडबरोबर येतो फक्त पुढचा मोडका पार्ट.

तर २००९. तेव्हा ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी यांची हवा होती. जुन्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासून वीज पोचवतात. त्यात घर्षण आलं, ठिणग्या आल्या, झीज आली. ब्रशलेसमध्ये तेच काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. लिथियमची बॅटरी हलकी, आणि एका क्षणात भरपूर करंट सोडते. आमच्या शेजारीच, अर्वाइनमध्ये, नोव्हाक नावाची कंपनी अशा मोटरी आणि स्पीड कंट्रोल बनवायची. आता ती बंद झाली. कॅन्ससची कॅसल क्रिएशन्सही जोरात होती. या सगळ्यामुळे मूळ ताकदीच्या कितीतरी पट ताकद पाऊण तासात, चार तारा जोडून, कुणाच्याही ट्रकमध्ये बसू लागली.

मी बसवली. लेकानं ट्रिगर दाबला, पुढची चाकं हवेत उठली, तो आनंदानं किंचाळला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा मागचा प्लास्टिकचा शाफ्ट पिळवटला. डब्यात आहे तो. हुबेहूब जिलबी. मग स्टीलचे शाफ्ट आणले. मग डिफरन्शिअलचे दात गेले. मग ते मजबूत केलं. मग स्पर गिअर, म्हणजे मोटरच्या छोट्या गिअरला भिडणारं मोठं चाक, एका बाजूनं सपाट झालं. मग तोही स्टीलचा. दर वेळी मी म्हणायचो, "आता नाही मोडणार." आणि दर वेळी ते खरं असायचं. तो पार्ट पुन्हा मोडला नाही. त्याच्या पुढचा मोडला.

एकदा हिशेब केला. ट्रक बॅटरी-चार्जरसकट अडीचशे डॉलरचा. वर घातलेले सहाशे दहा.

पण खरा खर्च वेगळा होता, आणि तो मला दिसला नाही. ट्रक महाग झाला तसं माझं तोंड सुटलं. "हळू." "तिकडे दगड आहेत." "उडवू नकोस, आत्ताच डिफ बदललंय." पार्कात तो चालवायचा आणि मी बाजूला उभा राहून समालोचन करायचो. हळूहळू तो म्हणायला लागला, "बाबा, तुम्हीच चालवा, मी बघतो." मला वाटलं, मुलगा समजूतदार होतोय. मग एका शनिवारी पार्कात दुसऱ्या मुलाचा खेळण्याच्या दुकानातला तीस डॉलरचा ट्रक याच्या हातात दिसला. तो त्यानं मातीच्या ढिगावरून उडवला, उलटा पाडला, सरळ केला, परत उडवला. हसत होता. आमचा ट्रक माझ्या काखेत होता.

थर चौथा: नट

२०१० च्या उन्हाळ्यात अण्णा आले. माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंगचा संच आणि दोन कामगार. शेतीची अवजारं दुरुस्तीला यायची.

इथे आल्यावर दोन दिवसांत ते कंटाळले. तिसऱ्या दिवशी गराजमध्ये आले. तेव्हा ट्रक उघडा पडला होता आणि मी चौथ्यांदा डिफरन्शिअल बसवत होतो. नातू शेजारी स्टुलावर, चेहरा पडलेला. अण्णांनी चष्मा पुसला, ट्रक हातात घेतला, मागचं चाक बोटानं फिरवलं. मग स्पर गिअर अंगठ्यानं दाबून धरला आणि चाक फिरवून बघितलं. मग विचारलं, "हे नट इतकं का आवळलंयस?"

ते स्लिपर क्लचचं नट. स्पर गिअरशेजारी एक चकती असते, तिला एक स्प्रिंग दाबून धरते. चाकाला अचानक झटका बसला की चकती क्षणभर घसरते आणि पुढच्या दातांवर तो झटका जात नाही. १९९० च्या सुमारापासून चांगल्या ऑफ-रोड गाड्यांमधून ही युक्ती रूढ झाली. आमच्या ट्रकमध्ये ती पहिल्यापासून होती. मीच तिचं नट पार शेवटपर्यंत आवळून टाकलं होतं.

म्हटलं, "अण्णा, घसरत होतं. ताकद वाया जात होती."

"घसरायलाच ठेवलंय की ते!" अण्णा म्हणाले. आणि मग नातवाकडे वळून त्यांनी रोटाव्हेटरची गोष्ट सांगितली. ती मी लहानपणी डझनभर वेळा ऐकली होती आणि एकदाही ऐकली नव्हती.

ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला एका शाफ्टमधून जाते. त्या शाफ्टला एक बोल्ट असतो, मुद्दाम मऊ ठेवलेला. जमिनीत दगड लागला की तो बोल्ट तुटतो आणि सगळं थांबतं. शेतकऱ्यानं खिशातून दुसरा बोल्ट काढायचा, बसवायचा, पुढे जायचं. "कागलकडचा एक पाव्हणा होता," अण्णा म्हणाले, "त्याला राग यायचा, सारखा बोल्ट तुटतो म्हणून. त्यानं कडक पोलादाचा घातला. बोल्ट नाही तुटला. गिअरबॉक्स फुटला. घेऊन आला माझ्याकडं. म्हटलं, पाव्हणं, काय ना काय मोडणारच. दगड काय बाजूला होत नाही. स्वस्तातलं काय मोडायचं ते आपण ठरवायचं. आपण नाही ठरवलं तर ते ठरवतंय."

नातवाला कोल्हापुरी निम्मी कळली असेल. पण तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे आपल्या ट्रकमध्ये काय मोडायला पाहिजे?"

एवढा साधा प्रश्न दोन वर्षांत मला सुचला नव्हता.

पुढचे तीन आठवडे आजोबा-नातू गराजमध्ये. माझं काम फक्त पार्ट मागवणं. त्यांनी यादी केली. आर्म प्लास्टिकचे, पण चांगल्या नायलॉनचे. अशा नायलॉनच्या पार्टांसाठी कॅलिफोर्नियातलीच आरपीएम कंपनी या छंदात नावाजलेली आहे. त्यांचा आर्म धडकेत वाकतो आणि परत सरळ होतो. तो निळ्या ॲल्युमिनियमसारखा दिसत नाही. काळा, मठ्ठ. पण धडक तो स्वतः खातो, मागे पाठवत नाही. स्पर गिअर परत प्लास्टिकचा, जास्तीचे चार खणात. स्लिपरचं नट ढिलं, नातवानं स्वतः बोटांनी अंदाज घेऊन लावलेलं. बुशिंगच्या जागी बेअरिंग मात्र ठेवली. "घर्षण कमी करणारं ठेव," अण्णा म्हणाले, "त्यानं कुणाला इजा होत नाही." स्टीलचे शाफ्ट राहिले, कारण आता त्यांच्यापर्यंत झटका पोचणारच नव्हता. ब्रशलेस मोटरही राहिली. ते ट्रिगरचं किंचाळणं अण्णांनाही आवडलं होतं.

नंतर इतिहास वाचताना मला गंमत वाटली ती ही, की जाणत्या लोकांना हे केव्हाच कळलं होतं. आमच्याच काउंटीतल्या टीम असोसिएटेडनं १९८४ साली आरसी१० नावाची बगी काढली, जिनं ऑफ-रोड शर्यतींचं चित्र बदललं. तिची चॅसी सोनेरी ॲल्युमिनियमची. म्हणजे जिथे ताठ राहायला हवं तिथे ताठ. आणि आर्म? नायलॉनचे. शॉक ॲब्सॉर्बर लांब, मऊ, तेल भरलेले. लोकांना दिसली ती सोनेरी चॅसी. लक्ष द्यायला हवं होतं त्या पांढऱ्या नायलॉनकडे.

आणि तो जड पायाचा चँडलर? दहा फुटी टायरनंतर तीनच वर्षांनी, १९८९ साली, त्यानं बिगफूट ८ काढला. त्या काळचे मॉन्स्टर ट्रक म्हणजे जाडजूड कमानपाट्यांवर उभे केलेले ताठ डोंगर. उडी मारली की ट्रकपेक्षा चालकाची पाठ आधी मोडायची. बिगफूट ८ ची चौकट संगणकावर आखलेली, नळ्यांची, हलकी. सस्पेन्शनला भरपूर हालचाल, नायट्रोजन भरलेले शॉक. म्हणजे पंधरा वर्षं ज्यानं एकेक पार्ट जाड करत नेला, त्यानंच शेवटी वेगळा प्रश्न विचारला. हे मोडू नये म्हणून किती जाड करू, असं नाही. हा धक्का कुठे जिरवू? आजचे मॉन्स्टर ट्रक त्याच वाटेनं गेलेत.

सगळ्यात वर

डब्यातला वरचा थर म्हणजे प्लास्टिकचे स्पर गिअर. मोजले, अकरा. २०१० ते २०१६ मधले. म्हणजे सहा वर्षांत अकरा वेळा तो गिअर मोडला, आणि अकराही वेळा लेकानं स्वतः, दहा मिनिटांत, मला हाक न मारता बदलला. मातीचे ढीग, जिन्याच्या पायऱ्या, शेजाऱ्यांचं छप्पर (ते प्रकरण वेगळं), काहीही सोडलं नाही त्यानं. मी पार्कात जायचो, पण खुर्ची घेऊन लांब बसायचो. समालोचन बंद. सोपं नव्हतं ते. पोरगा शाळेत आपटला, एका स्पर्धा परीक्षेत आपटला, गाडी शिकताना आमच्याच गराजच्या दाराला आपटला. दर वेळी माझ्या तोंडावर तेच वाक्य यायचं, "आता याला असं मजबूत करतो की..." काही वेळा मी ते गिळलं. काही वेळा नाही गिळलं, आणि मग जे चिरलं ते आर्मपेक्षा आतलं होतं. ते या डब्यात ठेवता येत नाही.

अण्णा २०१७ ला गेले. वर्कशॉप आता नाही.

लेक डेन्व्हरला नोकरी करतो. डबा सापडल्यावर त्याला फोटो पाठवला. दहा मिनिटांत फोन. "बाबा, ट्रक आहे का अजून? इथे डोंगरात मस्त ट्रेल आहेत. पाठवाल?" म्हटलं, पाठवतो की.

काल पार्सल बांधलं. ट्रकबरोबर काय द्यावं याचा विचार करत होतो. वेबसाइटवर आता एक नवा कार्बन फायबरचा संच दिसतो, फार देखणा आहे. कार्टमध्ये टाकला होता, खरं सांगतो. मग काढला. ट्रकशेजारी दोन काळे आर्म ठेवले, पाच प्लास्टिकचे स्पर गिअर ठेवले आणि एक ॲलन की. स्लिपरच्या नटाला हात लावला नाही.

श्रीखंडाचा डबा मात्र इथेच ठेवलाय. आकाशकंदिलांच्या खोक्यामागे. गराज पुढच्या वर्षी आवरू.